घसारा वहीत आहे, पैसा कुठे आहे?

मा. संपादक,

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांच्या भूमिपूजनाचे फोटो आपल्या अंकात अधूनमधून येतात. ते पाहून लोकांना आनंद होतो, मला धास्ती वाटते. मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत मी लेखापाल होते आणि तिथला प्रकल्प बंद पडला त्यात माझ्या हातच्या एका टिपणीचाही वाटा आहे.

पहिली पाच वर्षे देखभाल-दुरुस्ती कंत्राटदाराकडे होती. आम्ही फक्त विजेचं बिल भरायचो, आणि तेवढ्यानेच जीव मेटाकुटीला यायचा. सहाव्या वर्षी प्रकल्प आमच्या गळ्यात पडला. सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून टाकीच्या तळाशी हवा सोडणारे रबरी पडद्याचे डिफ्युझर असतात. ते साधारण पाच-सात वर्षांत कडक होतात, फाटतात. म्हणजे कंत्राटदार निघून जायला आणि डिफ्युझर निकामी व्हायला एकच मुहूर्त! बारीक बुडबुड्यांच्या जागी भाताच्या आधणासारखे उकळे फुटू लागले. ऑपरेटर म्हणाला, ‘‘मॅडम, हवा चाललीय, पण जिवाणूंच्या अंगी लागत नाही.’’

मग ही हवा ढकलणाऱ्या दोन यंत्रांपैकी, म्हणजे ब्लोअरपैकी, एकाचं बेअरिंग गेलं. फाइल माझ्या टेबलावर आली. मी शेरा मारला : ‘सदर बाबीसाठी चालू वर्षात तरतूद उपलब्ध नाही.’ नियमाने त्यात काहीच चूक नव्हती. फाइल फिरत राहिली, दुसरा ब्लोअर रात्रंदिवस एकटाच चालला आणि उन्हाळ्यात जळाला. त्यानंतर गावाचं मैलापाणी बायपासने नाल्यात आणि नाल्यातून नदीत.

बिंदुसरा घ्या, कुंडलिका घ्या, कयाधू घ्या. मे महिन्यात आमच्या अशा नद्यांना स्वतःचं पाणी असतं कितीसं? घाण विरळ व्हायला तरी पाणी हवं ना. शिवाय 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात प्रक्रिया केलेलं पाणी बागांना, बांधकामांना, कारखान्यांना देण्याऐवजी आपण ते प्रक्रियेविनाच सोडून देतो.

‘तरतूद नाही’ असं लिहिलं त्याच वर्षीच्या ताळेबंदात मीच त्या यंत्रांचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, दाखवला होता. केंद्राच्या मार्गदर्शिकेत मलनिस्सारण योजना आखताना बांधकामासाठी 30 वर्षांचा आणि पंपिंगच्या यंत्रांसाठी 15 वर्षांचा काळ धरतात. समजा, यंत्रं 3 कोटींची आहेत. 15 वर्षांनी भागलं की वर्षाला 20 लाख घसारा. वहीत तो खर्च म्हणून पडतो, पण 20 लाख कुठल्याही खात्यात जात नाहीत. तो पैसा पगारात, पथदिव्यांत, कुणाच्या तरी प्रभागातल्या गट्टूंमध्ये जिरतो. पंधराव्या वर्षी यंत्र थकतं आणि आपण नव्या योजनेसाठी मुंबईकडे तोंड करून बसतो. केंद्राच्या ‘अमृत’सारख्या शहरी योजनांतून बांधायला पैसा मिळतो, रोज चालवायचा खर्च पालिकेच्याच माथी असतो.

शेतकरी बैलाचे दात बघून वय ओळखतो आणि तो बसायच्या आत गोऱ्हा दावणीला आणतो. आमच्या प्रकल्पावर कोणतं यंत्र किती वर्षांचं झालं, हे सांगणारा एकही कागद नव्हता. ऑपरेटरला तोंडपाठ होतं, पण तो कंत्राटी. एजन्सी बदलली तसा तोही गेला.

माझी सूचना लेखापालाच्या नजरेतून आहे. घसाऱ्याइतकी रक्कम दरवर्षी स्वतंत्र बँक खात्यात टाका आणि ती दुसऱ्या कामाला वापरायची नाही, असा ठराव करा. किमती वाढतात, त्यामुळे तेवढ्यानेही पूर्ण भागणार नाही, पण ब्लोअर जळाल्यावर निदान हात पसरावे लागणार नाहीत. आणि प्रत्येक पंपाची, ब्लोअरची, पॅनेलची तारीखवार नोंद ठेवा : कधी बसवलं, काय बदललं, पुढे कोणत्या वर्षी बदलायचं. निविदा निघायला आमच्याकडे किती महिने लागतात हे ठाऊकच आहे, ते धरून आधीपासून फाइल हलवा.

स्वतंत्र खात्याला सभागृहात विरोध होईल, हे मी पाहिलेलं आहे. नोंदवहीला मात्र ठरावही लागत नाही. स्टेशनरीच्या हेडमधून दोनशे पानी रजिस्टर मिळतं.

– एक निवृत्त लेखापाल, परभणी