केर्लीच्या पंक्चरवाल्या काकांचे आभार

गेल्या रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या चढावर सरावाला निघाले होते. महिलांच्या ट्रायथलॉनची तयारी चालली आहे: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. पोहण्याची भीती वाटायची, पण दगा दिला सायकलनं. परतीला केर्लीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा! जादा ट्यूब घरी, पंपही घरीच. (शहाणपण पण घरीच.)

ढकलत दुकानापर्यंत आले. काकांनी ठिगळ लावलं, पण हवा भरेना. रेसिंग सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, त्यांच्या पंपाची नळी जाड. मी रडकुंडीला आले. काका म्हणाले, "थांबा की ताई, बघूया तरी." व्हॉल्व्हवरची प्लॅस्टिकची टोपी काढली, ब्लेडनं तिचं टोक उडवलं आणि तीच उलटी करून आट्यांवर फिरवून बसवली. वरची चिमुकली चकती सैल केली, नळी लावली. हवा भरली! हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.

तोवर काकूंनी चहा आणला, माझ्या काळ्या हातांवर तांब्यानं पाणी घातलं आणि साबणाची वडी पुढं केली. पैसे ठिगळापुरतेच घेतले. "टोपी तर तुमचीच हुती की," म्हणाले.

गडबडीत नाव विचारायचं राहिलं. काका, काकू, मनापासून आभार. कापलेली टोपी आता सायकलच्या पिशवीत कायम असते. येत्या रविवारी चहाला थांबणार आहे, या वेळी पंप घेऊन.