एका टिपणाबद्दल जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

पाण्याच्या मीटरमधून येणाऱ्या नोंदी वाचण्यासाठी आम्ही चालवत असलेल्या सी भाषेतील लहानशा लायब्ररीच्या हेडर फाइल्स (ज्यांत फंक्शनच्या घोषणा असतात त्या फाइल्स) आपण कोणताही मोबदला न घेता तपासल्यात आणि त्यावर सविस्तर टिपण पाठवलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. खाजगी उत्तर पुरेसे झाले असते. पण टिपणातला मुख्य मुद्दा, म्हणजे एकच लांबी फंक्शनागणिक वेगवेगळ्या प्रकारात नेण्यातला धोका, सी मध्ये काम करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असा आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

तपासणीची सुरुवात आपण फंक्शनच्या आतल्या कोडपासून न करता केवळ त्यांच्या घोषणांपासून, म्हणजे फंक्शन कोणत्या प्रकारच्या किमती घेते आणि देते हे सांगणाऱ्या ओळींपासून केलीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. संदेशाची लांबी ही एकच संख्या एका फंक्शनमध्ये इंट (ऋणही होऊ शकणारा पूर्णांक) म्हणून शिरते, दुसऱ्यात लाँग (इंटइतका किंवा त्याहून रुंद पूर्णांक) होते आणि शेवटी स्मृतीतला मजकूर नकलणाऱ्या मेमकॉपीच्या दारात साइझ_टी (आकारासाठीचा, कधीच ऋण न होणारा प्रकार) बनते, हा तिचा प्रवास आपण ओळीने मांडलात. यातले प्रत्येक फंक्शन वेगळे काढून वाचले तर निर्दोष दिसते. धोका असतो तो दोन फंक्शनांच्या सांध्यात. लांबी इंटमध्ये घेऊन ‘कमाल मर्यादेपेक्षा मोठी असेल तर नाकारा’ एवढीच तपासणी केली, तर उणे एक ही किंमत ती तपासणी सहज पार करते, आणि पुढे 32 बिटांच्या साइझ_टीमध्ये तिचे 4,29,49,67,295 होतात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, 2002 साली उघडकीस आलेला दोष नेमका याच जातीचा होता : सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीला) ऋण लांबी दिली की कर्नलच्या स्मृतीतला मजकूर बाहेर पडू शकत असे.

त्याहून बोधक वाटला तो आपण दिलेला लिनक्सचा दाखला. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जुलै 2021 मध्ये जाहीर केलेल्या ‘सिकोया’ या दोषात बफरचा (मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेचा) आकार साइझ_टीमध्येच, म्हणजे योग्य प्रकारात ठेवलेला होता, आणि मजकूर मावला नाही की तो दुप्पट केला जात असे. एकूण मार्ग 1 जीबीहून लांब होईल अशी एकात एक फोल्डरांची रचना करून ती माउंट केली (फाइल-प्रणालीत जोडली), मग पुसून टाकली आणि माउंट केलेल्या गोष्टींची यादी मागितली, की हा आकार 2 जीबीपर्यंत पोहोचत असे. तो पुढे ज्या फंक्शनकडे जाई, त्याच्या घोषणेत मात्र आकारासाठी इंट होता. 2 जीबी म्हणजे 2,14,74,83,648 बाइट, आणि 32 बिटांच्या इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या त्याहून बरोबर एकने कमी. त्यामुळे आकार ऋण झाला. ते फंक्शन बफरच्या शेवटाकडून मागे मागे लिहीत जाणारे असल्याने त्याने हिशेबाने काढलेला ‘शेवट’ बफरच्या सुरुवातीच्याही 2 जीबी अलीकडे पडला आणि तिथे अवघे दहा बाइट लिहिले गेले. तेवढ्यावरून सामान्य वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाचे, अधिकार मिळवता आले. हा दोष 2014 पासून कर्नलमध्ये होता. दुरुस्ती झाली ती एवढा मोठा बफर मुळात देऊच नये अशी. इंटचा पॅरामीटर तसाच राहिला. इतक्या ठिकाणांहून वापरल्या जाणाऱ्या फंक्शनची घोषणा बदलणे किती जड जाते, हे यावरून कळते, आणि आमची लायब्ररी लहान आहे तोवरच हे काम उरकावे हा आपला आग्रह त्यामुळेच पटला.

आपल्या सूचनेप्रमाणे आता लांबी आणि आकार सर्वत्र साइझ_टीमध्येच फिरतात. त्रुटीची खूण लांबीच्याच किमतीत ऋण संख्या म्हणून कोंबण्याऐवजी वेगळ्या परतीच्या किमतीने दिली जाते. बाहेरून आलेली संख्या आत येतानाच एकदा तपासली जाते. जी फाइल फंक्शन लिहिते तीही आता त्याच फंक्शनचे हेडर जोडून घेते, कारण सी चा लिंकर (संकलित तुकडे जोडणारा प्रोग्राम) फक्त नावे जुळवतो, प्रकार पाहत नाही. घोषणा आणि व्याख्या यांच्यातली तफावत कंपायलरला दिसण्यासाठी दोन्ही एकाच वेळी त्याच्यासमोर असावी लागतात. जीसीसी या कंपायलरचा डब्ल्यू-ऑल हा पर्याय चालू केला की सारे इशारे मिळतात, हा समज आमच्याकडेही होताच. प्रकार बदलताना किंमत बदलू शकते असा इशारा देणारे डब्ल्यू-कन्व्हर्जन त्यात येत नाही, हे आपण लिहिल्यावर ते स्वतंत्रपणे चालू केले. मिळालेले इशारे कास्ट (प्रकार मुद्दाम बदलण्याची खूण) टाकून गप्प करू नयेत, ही आपली अट पाळणे कंटाळवाणे होते, परंतु कास्ट म्हणजे कंपायलरला दिलेली ‘मी पाहून घेतो’ अशी लेखी हमी असल्यामुळे ती अट योग्यच होती.

एका बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. साइझ_टी हा रामबाण उपाय असल्यासारखा टिपणाचा सूर काही ठिकाणी वाटतो. शेवटच्या घटकापासून शून्यापर्यंत उतरणाऱ्या लूपमध्ये ‘शून्य किंवा जास्त’ ही अट साइझ_टीबाबत कधीच खोटी ठरत नाही, आणि दोन मोठ्या लांबींची बेरीज केली तर ती मुकाट्याने गुंडाळली जाऊन लहान होते. म्हणून बेरजेआधीची तपासणी आम्ही वेगळी ठेवली आहे.

विंडोजसाठीचा भाग अजून बाकी आहे. 64 बिटांच्या लिनक्सवर लाँग 64 बिटांचा असतो, तर 64 बिटांच्या विंडोजवर तो 32 बिटांचाच राहतो, त्यामुळे फाइलमधील स्थान सांगणारी फंक्शने ठरावीक रुंदीच्या प्रकारांवर आणायची आहेत. ते हेडर तयार झाले की आपल्याकडे पाठवू. सवडीने त्यावर नजर टाकावी, ही विनंती.

आपला नम्र,
लायब्ररीची देखभाल करणारा एक प्रोग्रामर