कुकुडकोंब्यावर फेकलेली छत्री

गुहागर,
२४ जुलै

प्रिय सदूस,

सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीचे पत्र येऊन आठ-नऊ महिने झाले. त्याला उत्तर न दिल्याबद्दल तू मला जी विशेषणे लावली असशील ती सगळी मान्य आहेत. प्रकृती ठीक. साखर गोळ्यांवर काबूत आहे, सुमनचा गुडघा पावसात कुरकुरतो, आईला कमी ऐकू येते पण नको ते नेमके ऐकू येते. हे झाले. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी मी एका कुकुडकोंब्यावर, म्हणजे भारद्वाजावर, छत्री फेकून मारली.

हे वाक्य लिहून मी थोडा थांबलो, कारण ते वाचून तू पत्र बाजूला ठेवणार, चष्मा काढणार आणि मंदावहिनींना हाक मारून ‘बघा, आमचे तत्त्वज्ञ’ म्हणणार, हे मला इथे बसून दिसते आहे. हसून घे. पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता. सुमनला सांगितली, तर तिने फक्त छत्रीची काडी मोडली का, एवढेच विचारले.

पडवीसमोर आईने लावलेल्या जास्वंदीत, हात वर केला तर पोचेल एवढ्या उंचीवर, शिपाई बुलबुलाच्या जोडीने घरटे केले होते. घरटे चहाच्या वाटीएवढे, बारीक मुळ्या आणि वाळकी पाने कोळ्याच्या जाळ्याने बांधून केलेले, आणि कडेला गोळ्यांच्या पाकिटाचा एक चंदेरी तुकडा खोचलेला, जो बहुधा माझ्याच साखरेच्या गोळ्यांचा असावा. अंडी तीन, फिकट गुलाबी, त्यांवर तांबूस शिंतोडे. बारा-तेरा दिवसांनी पिल्ले निघाली. त्या दिवसापासून मी चहा पडवीत घेऊ लागलो आणि दुर्बीण गळ्यातून काढेनासा झालो. त्यामुळे वाडीत मी थोडासा कामातून गेलो आहे असे मत झाले.

मंगळवारी पाऊस जरा थांबला होता. कुकुडकोंबा उडत येत नाही हे तुला ठाऊक आहेच. तो चालत येतो. गडग्यावरून उतरला, अबोलीच्या वाफ्यातून थकलेले भाडे मागायला आलेल्या घरमालकासारखा सावकाश आला आणि जास्वंदीत शिरला. आई आतून म्हणाली, ‘अरे, भारद्वाज आलाय, नमस्कार कर, दिवस चांगला जाईल.’ फांदी हलली. आणि सदू, फांदी हलल्याबरोबर तिन्ही पिल्लांनी माना ताणून चोची उघडल्या, कारण घरटे हलले की आई आली एवढेच त्यांना ठाऊक. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसांच्या नुसत्या नळ्या, आणि ती लालभडक तोंडे त्या काळ्या चोचीसमोर घास मागत होती. त्याने अगदी शांतपणे त्यातले एक उचलले. बुलबुलांनी आकांत मांडला, शिंजीर आले, दयाळ आला, सगळे ओरडत होते आणि कोणी काही करू शकत नव्हते. मग छत्री कशी सुटली हे मला कळलेच नाही. ती त्याला लागली नाही, जास्वंदीलाच लागली. तो पिल्लू घेऊन कळकीच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाकडे गेला.

पुण्याची वेताळ टेकडी आठवते ना? १९८६चा जानेवारी, वाळलेले गवत, मुनियांचा थवा, आणि शिक्रा खाली आला तो तुझ्यापासून वीस पावलांवर. पंख पसरून, मुनिया पायाखाली दाबून तो बसला होता आणि तू ओरडत धावलास, दगड मारलास, तो मुनिया टाकून उडाला. मी तेव्हा सरांसमोर तुला जे व्याख्यान दिले ते मला आजही अर्धेअधिक पाठ आहे. ‘जीवो जीवस्य जीवनम्’ म्हणालो, निसर्गात ढवळाढवळ करणारा तू कोण म्हणालो, शिक्रा आज उपाशी झोपेल त्याचे पाप तुझे म्हणालो. मुनियेच्या पाठीत नखे खोल रुतली होती. तू तिला बुटांच्या खोक्यात ठेवलेस, रात्रभर कंदिलासारखा दिवा खोक्याजवळ धरून बसलास आणि पहाटे ती मेली. मी त्यावर काय म्हणालो होतो ते लिहीत नाही. त्यानंतर आपण दोन महिने बोललो नव्हतो, आणि मेसचा खाडा कोणी भरायचा एवढ्यासाठी परत बोलू लागलो.

तर ते सगळे शास्त्र आता मी स्वतःला रोज ऐकवतो आहे, आणि त्यात खोटे काही नाही हेच अडचणीचे आहे. तू हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेब देतो. एका जोडीने वर्षात दोनदा तीन-तीन पिल्ले काढली, सगळी जगली आणि पुढल्या वर्षी सगळ्यांनी तेच केले, तर दोनाचे आठ, आठाचे बत्तीस, आणि पाच वर्षांत माझ्या एका जास्वंदीतून २०४८ बुलबुल. म्हणजे जोडीने आयुष्यभरात आपल्या जागी दोन ठेवले की पुरे, बाकीची कोणाच्या तरी पोटात जाण्यासाठीच जन्मतात. तिकडे ब्रिटनमध्ये आपल्या शिक्र्याचा भाऊबंद स्पॅरोहॉक डीडीटीसारख्या विषांमुळे १९५० आणि ६०च्या दशकांत कितीतरी भागांतून नाहीसा झाला होता. म्हणून काही तिथल्या बागा चिमण्यांनी ओसंडून वाहिल्या नाहीत. जी पाखरे स्पॅरोहॉकने मारली नाहीत ती थंडीने आणि भुकेने मेली. हे सगळे मला समजते. मात्र माझ्यासमोर २०४८ बुलबुल नव्हते, दोन उरली होती.

म्हणून मी पुढचा मूर्खपणा केला. बुधवारी जास्वंदीवर मच्छरदाणी बांधली. बुलबुलाची मादी चोचीत अळी घेऊन तासभर दाणीभोवती घिरट्या घालत राहिली, नर तारेवर बसून शिव्या देत राहिला, आणि आत पिल्ले आधी ओरडली, मग गप्प झाली. ती गप्प झाल्यावर मला घाम फुटला. दाणी काढली. तू वकील, तेव्हा तुला सांगायला नको की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणे हेही शिकारीच्या व्याख्येत बसते. म्हणजे कुकुडकोंबा निर्दोष आणि आरोपी मी. वकीलपत्र घेशील ना? फी म्हणून आंबा पुढल्या वर्षी, यंदाचा मोहोर पावसाने गेला.

गुरुवारी मी त्याच्या मागावर गेलो. चोचीत सरडा घेऊन तो कळकीच्या बेटात शिरताना दिसला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला, मग दुसरा आला, तोही काहीतरी घेऊन. गोल टोपलीसारखे घरटे आत खोल होते. पिल्ले दिसली नाहीत, पण दर खेपेला आतून फुसफुसल्यासारखा आवाज येई. पाऊस धो धो लागला होता. मी इरले घेऊन तिथे उभा होतो आणि मला अजिंठा आठवला.

तुला एक नंबरच्या लेण्यातला तो तराजू आठवतो का? कबुतराला वाचवण्यासाठी स्वतःचे मांस तोलून देणारा राजा. तू म्हणत होतास शिबी, मी म्हणत होतो उशीनर, आणि गाइड कंटाळून बाहेर जाऊन बिडी ओढत बसला होता. परवा वनपर्व काढून पाहिले: त्यात ही गोष्ट दोनदा आहे, एकदा उशीनराच्या नावावर आणि एकदा शिबीच्या, तेव्हा तो वाद आता बरोबरीत सोडवू. पण ससाण्याचे बोलणे मी तरुणपणी नीट वाचलेच नव्हते. तो राजाला म्हणतो की माझे अन्न काढून घेतलेस तर मी मरेन, मी मेलो की माझी बायको-मुले मरतील, म्हणजे एक कबुतर राखताना तू अनेक जीव घालवशील. राजाकडे त्याचे उत्तर नाही. म्हणून तो मांडी कापून देतो. माझ्याकडे छत्री होती, आणि मांडी कापायची तयारी नव्हती. फार तर खाटकाकडून पाव किलो खिमा आणून गडग्यावर ठेवावा, असे मनात आले होते. सुमनने त्या पैशांची भाजी आणायला सांगितली.

शेजारची मांजरी आली तर मी बेधडक हाकलतो, त्यात मला कसलाच प्रश्न पडत नाही. तिला घरी दूधभात आहे, ती आपण आणून ठेवलेली आहे, आणि बुलबुल ती भुकेने मारत नाही. पतंगाच्या मांज्यात अडकलेला बगळाही सोडवावा, तो गुंता आपला. पण कळकीच्या बेटातून येणारा तो प्राणी इथे माझ्या आजोबांच्या आधीपासून राहतो, आणि त्याचे देणे मी जास्वंदीच्या दारात अडवले. असे माझे मत झाले, गुरुवारी, पावसात, अगदी पक्के झाले.

रविवारी तो पुन्हा आला. मी खुर्चीत होतो, छत्री मुद्दाम माजघरात ठेवली होती. गडगा, वाफा, जास्वंद. फांदी हलली, दोन चोची उघडल्या, आणि मी उठून टाळ्या वाजवत धावलो. तो पळाला. त्या गोंधळात थोरले पिल्लू वेळेआधी घरट्यातून उडी मारून खाली गवतात गेले. मी पुढे गेलो तर जास्तच आत पळाले. संध्याकाळपर्यंत आईबाप गवताकडे अळ्या नेत होते. सोमवारी नेत नव्हते. धाकटे बुधवारी उडाले, म्हणजे निदान मांडवाच्या तारेपर्यंत गेले, हे मी डोळ्यांनी पाहिले. तिनातले एक. मी नुसता बसून राहिलो असतो तर किती उरली असती, ते धरायला माझ्याकडे काही नाही.

इथे तुला वाटेल की मी आता तू बरोबर होतास म्हणणार. तसे म्हणणार नाही. तुझी मुनिया मेली आणि शिक्राही उपाशी राहिला, त्या दिवशी टेकडीवर कोणाचेच भले झाले नाही, एवढे माझे म्हणणे आजही आहे. पण मी जे बोललो ते शिक्र्याच्या कळवळ्याने बोललो नव्हतो. सर मागे उभे होते आणि मला त्यांच्यासमोर जाणता दिसायचे होते. तू धावलास तेव्हा माझेही पाय उचलले होते, सदू. सर पाहत आहेत हे लक्षात आले आणि मी ते खाली ठेवले. ही गोष्ट मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितली नाही, मलाही नाही, आणि परवा टाळ्या वाजवत धावताना ती आठवली.

चिमणीचे लग्न झाल्याचे कळले. आलो नाही, क्षमस्व, आहेर वहिनींच्या हाती देईन. तू नोटरीचे काम सोडलेस म्हणे, बरे केलेस. डोळ्याचे ऑपरेशन गणपतीआधी उरकून घे.

आई आताच बाहेर येऊन हात जोडून गेली, म्हणजे तो गडग्यावर आला असणार. जास्वंद रिकामी आहे, तेव्हा बसू दे.

एक विचारायचे राहिले आहे, तेव्हा विचारायला तोंड नव्हते. ते बुटांचे खोके सकाळी तू एकटाच घेऊन बाहेर गेलास आणि तासाभराने रिकाम्या हाताने आलास. कुठे पुरलेस?

तुझा,
बापू