आपला बांध आणि सातपुडा

शहादा,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

कसा शे रे भाऊ? गेल्या खेपेला पपईच्या बांधावर उभं राहून तू विचारलंस, "एवढ्याशा जागेत झाडा-पाखरांच्या जाती मावणार तरी किती?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

जागा खरंच भरते का, यावर इकॉलॉजीवाले कितीतरी वर्षं भांडतायत. ते तपासायला एकाच तऱ्हेच्या जागा वेगवेगळ्या प्रदेशांत निवडायच्या. आलेखाच्या आडव्या रेषेवर सगळ्या प्रदेशातल्या जाती, उभ्या रेषेवर एका जागेतल्या. आलेख चढून आडवा पडला, तर जागा भरली, आपसातल्या स्पर्धेनं नव्यांना दार बंद. सरळ चढत राहिला, तर प्रदेश जेवढं देईल तेवढं जागा सामावून घेते. १९८० मध्ये टरबॉर्ग आणि फाबोर्ग या संशोधकांना वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांत तो आडवा पडलेला दिसला. मग १९८५ मध्ये कॉर्नेल या संशोधकानं कॅलिफोर्नियात ओकच्या झाडांवर गाठी करणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या मोजल्या, आणि रेषा सरळ निघाली! पुढेही पुष्कळदा सरळच आली. यात एक मोठी मेख आहे. 'जागा' ऐसपैस धरली की तीच प्रदेशासारखी होते आणि रेषा आपोआप सरळ येते. म्हणून जागा लहानच हवी, आपल्या बांधाएवढी.

हे वाचल्यापासून मी बांधाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. बोर, निंब, दोन पळस, थोडं गवत. मला वाटतं, तो भरलेला नाही, त्याच्याकडे येणारंच आटलंय. नुसता बांध राखून भागायचं नाही, उत्तरेला दिसणारा सातपुड्याचा डोंगर राखायला हवा. रानपिंगळा आठव, ते छोटं घुबड. १८८४ नंतर ११३ वर्षं खात्रीनं कुणालाच दिसला नव्हता, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात सापडला तो आपल्या शहाद्याजवळच. तो बांधावर येणार नाही, त्याला सागाचं रान लागतं. पण ते रान गेलं तर प्रदेशाच्या यादीतूनच एक नाव जाईल, आणि त्याच्याबरोबर बांधापर्यंत येऊ शकणारी किती जातील, या विचारानं रात्री झोप लागत नाही रे.

दिवाळीला ये. दहा बाय दहा मीटरचा चौकोन बांधालगत आखू, तेवढाच तोरणमाळच्या वाटेवर सागात आखू, आणि दोन्हींतली झाडं-गवत मोजू. सुतळी मी आणून ठेवलीय. गवत ओळखण्यात तू माझ्यापेक्षा पक्का, म्हणून वही तुझ्या हातात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
शहाद्याचा मित्र