नानांच्या डबीचा सेल

दिप्या,

आम्ही सगळे बरे, नानांची शुगर आटोक्यात, हिचा खोकला चालूच. आता मुद्द्याचं. नानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू तो कमरेला अडकवायचा स्टेप काउंटर आणून दिलास ना, त्याचा सेल संपत आलाय आणि घरात दुसरा विषय नाही.

तू म्हणशील त्यात काय, मागचा स्क्रू काढ, 2032 नंबरचा बटण सेल टाक, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. पण सेल काढला की टोटल शून्य होते रे, आणि नाना त्या टोटलवर वारी करतायत! पायी जाणं बंद झालं तेव्हा त्यांनी गुपचूप हिशोब मांडला, आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, आपलं पाऊल आता 50 सेंटीमीटरचं, म्हणजे 5 लाख पावलं, आणि लागले पार्किंगमधे चालायला. मला कळलं ते कॅलेंडर उलटल्यावर, मागे पेन्सिलीने सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असं लिहिलेलं आणि प्रत्येकापुढे आकडा. परवा फलटण आलं तर आईला शिरा करायला लावला.

आता स्क्रीन इतकी फिकट झालीय की डबी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तरच दिसतं, त्यातही 3 का 8 यावर आईचं आणि त्यांचं वाजतं. मी म्हटलं आकडा वहीत लिहा, पुढचा त्यात मिळवू. तर म्हणाले, "फलटणला पोचलेल्या वारकऱ्याला कोणी परत आळंदीला नेऊन सोडतं का रे?" आधी मला हट्ट वाटला होता, आता नाही वाटत. आषाढीला टीव्हीवर पालखी लागली की आतल्या खोलीत जाऊन बसणारा माणूस होता तो, तू पाहिलंयस.

माझ्या डोक्यात असं आहे, दोन पेन्सिल सेल सिरीजमधे म्हणजे 3 व्होल्ट, त्याच्या वायरी होल्डरच्या पत्र्यांना बाहेरून डकवायच्या, प्लस-मायनस बघून, मग जुना सरकवून नवा घालायचा, तेवढा वेळ मेमरीला करंट मिळत राहील. लिथियम सेलचा करंट उलटा पेन्सिल सेलमधे शिरायला नको म्हणून त्या वायरीत एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाईल. हे काम तुझंच. हॉस्टेलला माझा रेडिओ उघडून तीन स्क्रू उरवलेस आणि वर म्हणालास कंपनीने जादा दिले होते, ते मी अजून सोडलेलं नाही, पण सोल्डरिंगला तुझ्यासारखा हात नाही हेही खरं.

जुना सेल मात्र लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून माझ्याकडे द्यायचा. छोटी सापडेल ते तोंडात घालते, आणि हा रुपयाएवढा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं.

तुझं नाशिकचं काय ठरलं? तन्वीची दहावी ना यंदा, तिला सांग काका विचारत होता. वहिनींची बदली थांबली हे बरं झालं.

शनिवारी सोल्डरिंग गन घेऊन जेवायलाच ये. नानांना मी सांगून टाकलंय दिप्या येतोय म्हणून, तेव्हापासून ते पुढच्या मुक्कामाचा, बरडचा हिशोब करत बसलेत.

तुझा,
पक्या