वाईजवळच्या ट्रॅक्टर मिस्त्रींना अनावृत आभारपत्र

आदरणीय मिस्त्री,

स. न. वि. वि.

मांढरदेवीच्या घाटात आमची फियाट बंद पडली, त्या रविवारी आपण केलेल्या मदतीबद्दल आम्ही तिथेच आपले आभार मानले होते. परंतु निघण्याच्या घाईत, रस्त्याच्या कडेला उच्चारलेल्या चार शब्दांत ते मावणारे नव्हते. शिवाय आपण कोणते संकट टाळले, हे पुण्यात परतून इंजिनाचे ऑइल चेंबर उतरवल्यावरच आम्हाला पुरते उमगले. म्हणून जुन्या मोटारी बाळगणाऱ्या आमच्या क्लबच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. अशा गाड्या जपणाऱ्या इतरांनीही ते वाचावे, या हेतूने ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे. आपले आणि गावाचे नाव मात्र आपल्याच सांगण्यावरून येथे दिलेले नाही.

आमची हिवाळी रॅली महामार्गाने न जाता कापूरहोळला वळून भोर, मांढरदेवी आणि वाई अशी का जाते, असे आपण विचारले होते. खंबाटकीचा रस्ता रुंद आणि सोपा आहे, पण तेथील वाहतुकीचा वेग आमच्या गाड्यांना झेपणारा नाही. आमच्याबरोबर असलेल्या १९२९ सालच्या ऑस्टिन सेव्हनचे इंजिन अवघे ७४७ सीसीचे आहे आणि तिचे ब्रेक तारेने ओढले जातात. भरधाव ट्रकच्या पुढे किंवा मागे अशी गाडी असणे कोणाच्याच हिताचे नाही. भोरमार्गे वेळ अधिक लागतो, परंतु गाडी तिच्या चालीने चालवता येते. शनिवारी आम्ही मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी थांबलो, तेव्हा घाटावर आलेल्या वृद्ध मंडळींनी इतर सर्व गाड्या सोडून फियाटलाच वेढा घातला होता. त्यांतील एकाच्या सासऱ्यांकडे अशीच गाडी होती आणि लग्नाची वरात तिच्यातून निघाली होती, असे त्यांनी सांगितले.

ती गाडी त्यांच्या ओळखीची असणे स्वाभाविक आहे. इटलीत १९५३ साली आलेली ही फियाट ११००, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि तिच्या गोलसर, पुढे झुकलेल्या नाकामुळे महाराष्ट्रात सर्वतोमुखी 'डुक्कर फियाट' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर आणि मागच्या बाजूला बिजागरी असलेली पुढची दारे ही तिची ओळख. आमच्या सभासद बाईंना ती त्यांच्या वडिलांकडून मिळाली. वडील गाडीखाली झोपून काम करत तेव्हा पाने हातात देण्याचे काम त्यांचे असे, हे त्यांनी आपल्याला सांगितलेच आहे. रविवारी परतीच्या चढावर ती आचके देऊन थांबली, तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता हे आपण पाहिले नाही. आम्ही पाहिले होते.

आमच्यातील जाणत्या मंडळींनी व्हेपर लॉकचे निदान केले. इंजिनाच्या अंगावर बसवलेला पेट्रोल पंप चढावर तापतो, नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहायची, हा जुन्या फियाटवाल्यांचा पाठ असलेला उपाय आहे. तो आम्ही केला. गाडी गार झाली तरी सुरू होईना. तेव्हा वाईकडे ऊस घेऊन उतरणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाने मदतीसाठी आपले, म्हणजे मिस्त्रींचे, नाव सुचवले आणि आमच्या दोन तरुण सभासदांना आपल्या गॅरेजपर्यंत पोहोचवलेही. गळीत हंगाम ऐन भरात होता, आपल्या दारात दुसरा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या ट्रॉलीसह खोळंबला होता आणि कारखान्यावर नंबर लागलेला असताना प्रत्येक तास किती मोलाचा असतो हे आम्हालाही ठाऊक आहे. तरीही त्या शेतकरी बंधूंनी 'आधी त्या बाईंची गाडी बघा' असे म्हटले. त्यांचे नाव आम्हाला विचारता आले नाही. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवावे, ही विनंती.

आपण येऊन प्रथम काय केले, हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आमच्यापैकी कोणालाही ते सुचले नव्हते. आपण कार्बोरेटरला हात लावला नाही, की स्टार्टर मारून पाहिला नाही. पंपाच्या पोटाला खालच्या बाजूस असलेल्या बारीक छिद्राखाली बोट धरले आणि ते हुंगले. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, ओढून तीही हुंगली, कापडावर पुसली, पुन्हा बुडवली आणि ऑइलची पातळी खुणेच्या वर चढलेली आम्हाला दाखवली. 'आता कोणी चावी फिरवू नका,' एवढेच आपण म्हणालात. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे हलून पेट्रोल ओढणारा आतला लवचिक पडदा, फाटला होता. त्यामुळे पेट्रोल कार्बोरेटरकडे चढत नव्हते, हे गाडी बंद पडण्याचे कारण झाले; परंतु तेच पेट्रोल आतून ऑइल चेंबरमध्ये उतरत होते, हा खरा धोका होता. पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. आम्ही ओल्या फडक्याच्या भरवशावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत राहिलो असतो, किंवा गाडी कशीबशी सुरू होऊन घाट चढली असती, तर क्रँकची बेअरिंग गेली असती आणि या इंजिनाची बेअरिंग आज बाजारात सहज मिळत नाहीत. पुण्यात चेंबर उतरवून पाहिले तेव्हा बेअरिंगवर एकही ओरखडा नव्हता. बाईंनी ते स्वतः दिव्याच्या उजेडात पाहिले, आणि या पत्राचा मजकूर त्या दिवशीच ठरला.

पंप खोलून आपण तो गॅरेजमध्ये नेलात आणि आमच्या तरुणांना शेजारी उभे करून काम केलेत, याबद्दल विशेष आभार. ट्रॅक्टरच्या लिफ्ट पंपाच्या, म्हणजे टाकीतून इंधन ओढणाऱ्या पंपाच्या, किटमधील डायफ्रॅमचे थर सुटे करून, जुना दांडा कायम ठेवून, आपण ते आमच्या पंपाच्या मापाने कापले आणि नवी छिद्रे पाडली. झाकणाचे स्क्रू आवळण्यापूर्वी लिव्हर पूर्ण दाबून धरायची, म्हणजे डायफ्रॅमला पुरेशी सैल जागा राहते आणि तो पहिल्याच दिवशी ताणून फाटत नाही. स्क्रू ओळीने न आवळता समोरासमोर आवळायचे. पंप आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग जेवढ्या जाडीचे निघाले तेवढ्याच जाडीचे पुन्हा बसवायचे, नाहीतर लिव्हरची चाल बदलते. या गोष्टी आपण करता करता सांगितल्या आणि आमच्या मुलांनी त्या लिहून घेतल्या आहेत. आत येणाऱ्या तोंडावर अंगठा धरून लिव्हर हलवल्यावर अंगठा कसा ओढला जातो, हे आपण प्रत्येकाला करून पाहायला लावले. जुने ऑइल आपण डब्यात धरले, एक थेंबही घाटात सांडू दिला नाही, कारण खालच्या ओढ्याचे पाणी गाव वापरते, हेही सर्वांच्या लक्षात राहिले आहे.

आमच्यातील एका सभासदाने त्या वेळी विजेवर चालणारा पंप बसवून टाकावा, असे सुचवले होते. सूचना अव्यवहार्य नव्हती. अनेक जण तसे करतात. मूळ पंप दुरुस्त होण्यासारखा असताना तो काढू नये, असे आपण शांतपणे सांगितले आणि मला ते मनापासून पटले. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची वेगळी नोंदणी आली. अशा नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच आणता येते. गाडी ज्या रूपात होती त्या रूपात टिकवणे, हेच या सगळ्याचे प्रयोजन आहे. आपण पंपाला तारेने जो पुठ्ठ्याचा तुकडा बांधलात, त्यावर कोणता डायफ्रॅम घातला, पॅकिंग किती जाडीचे आहे आणि कोणते ऑइल भरले हे लिहिलेत, 'पुढच्या मिस्त्रीला कळायला हवे' म्हणून. संग्रहालयात वस्तूची नोंद जशी ठेवतात, तशी ही नोंद आहे. तो तुकडा आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुन्हा तिथेच बांधला आहे.

या प्रसंगाने मला एका गोष्टीचा नव्याने विचार करायला लावले. शहरातील गॅरेजमध्ये आता यंत्र लावून दोष वाचला जातो आणि पूर्ण सुटा भाग बदलला जातो; नव्या गाड्यांसाठी ते योग्यच आहे. पण आमच्या गाड्यांना दोष वाचणारे यंत्र लावायला जागाच नाही आणि बदलायला सुटा भागही नाही. डायफ्रॅमचा लिफ्ट पंप, डायनॅमो, पितळी रेडिएटर, हाताने घोटून बसवायचे व्हॉल्व्ह हे सारे ज्या हातांना आजही परिचित आहे, ते हात जुन्या ट्रॅक्टरवर काम करणारे आहेत. फियाट आपण आयुष्यात फारशा उघडल्या नाहीत, असे आपण म्हणालात; तरी तो पंप आपल्याला अनोळखी नव्हता, कारण त्याचा भाऊबंद दर हंगामात आपल्या टेबलावर येतो. आमच्यासारख्या क्लबांनी आजवर गाड्यांचे मालक, वर्ष, रंग, बक्षिसे यांची काळजीपूर्वक नोंद ठेवली. घाटाघाटांतून, तालुक्यातालुक्यांतून असलेल्या आपल्यासारख्या जाणकारांची नोंद ठेवावी, त्यांच्याकडे शिकायला जावे, हे आम्ही आता ठरवले आहे.

डायफ्रॅम का फाटला, याचेही आपण दिलेले कारण आमच्या सभासदांपर्यंत पोहोचवले आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातील इथेनॉल आपल्या भागातल्या साखर कारखान्यांतही तयार होते, त्याने उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले आहे, आणि आमच्या गाड्यांसाठी त्याविरुद्ध बोलावे असे मला वाटत नाही. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे रबर आणि लाख चढवलेले कापड हे इंधन सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, नाहीतर चिरते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि अर्धी रिकामी टाकी आतून गंजते. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, फार काळ उभी राहणार असेल तर रिकामी करून कोरडी ठेवावी, आणि पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या एकदा बदलून घ्याव्यात, हा आपला सल्ला आम्ही सर्वांना लेखी कळवला आहे. काही जणांनी नळ्या बदलल्याही.

वहिनींचे आभार वेगळे मानायलाच हवेत. घाटात अडकलेल्या एवढ्या माणसांसाठी त्यांनी पाणी आणि पिठलं-भाकरी पाठवली, आणि आमच्यातील एका आजोबांना औषधाच्या वेळेला उन्हात राहावे लागू नये म्हणून घरात नेऊन बसवले. आपल्या हाताखालचा मुलगा दोनदा ऑइलचा कॅन घेऊन घाट चढला. त्या मुलाची समज उत्तम आहे. पाना मागण्याआधी तो हातात देत होता.

आता एक विनंती. गळीत हंगाम आटोपून आपल्याला सवड झाल्यावर आमच्यातील दोघे तरुण आपल्याकडे शिकण्यासाठी येऊ इच्छितात. ते आपल्या कामात अडथळा आणणार नाहीत, पडेल ते काम करतील, आणि शिकवण्याचा जो मोबदला आपण सांगाल तो क्लब देईल. आपण जे सांगाल ते मराठीत, चित्रांसह लिहून काढावे आणि त्याची एक प्रत आपल्या गॅरेजमध्ये असावी, असा आमचा विचार आहे. इंजिनाची जुनी मार्गदर्शक पुस्तके आमच्याकडे आहेत, पण ती इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये आहेत आणि घाटात, ऊस वाहण्याच्या दिवसांत, मिळेल त्या किटमधून पंप कसा उभा करायचा हे त्यांत नाही.

नव्या पेट्रोलला कोणते रबर टिकते, असे आपण निघताना विचारले होते. आम्ही चौकशी केली. बाजारात व्हिटॉन या नावाने मिळणारे फ्लोरोकार्बन रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला साध्या नायट्राइल रबरापेक्षा पुष्कळ चांगले तोंड देते. डायफ्रॅमसाठी त्याचा लेप असलेले पातळ कापड आणि नळीसाठी काही मीटर पाइप घेऊन ठेवला आहे. गावातील जुन्या स्कूटर आणि मोटरसायकलींनाही तो उपयोगी पडेल. फियाटच्या मालकीणबाई तो स्वतः घेऊन येणार आहेत. त्यांनी कोणत्या दिवशी यावे, हे निरोपाने कळवावे. दुपारच्या आत घाट उतरता येईल अशा बेताने त्या पुण्याहून निघतील.

वहिनींना आणि घरातील सर्वांना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कार्यवाह, रॅली समिती