एक्सरे नॉर्मल आला म्हणजे घोटा बरा झाला असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलीस भरतीच्या बातम्या आपल्या पेपरात सविस्तर येतात, पण सराव करताना पाय मुरगळून जी पोरं-पोरी मागे राहतात त्यांच्याबद्दल कुठे काही वाचायला मिळत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात फिजिओथेरपिस्ट आहे, भरतीच्या आधी असे पेशंट माझ्याकडे खूप येतात, म्हणून हे पत्र लिहितेय.

मैदानीच्या ५० मार्कांपैकी २० मार्क पोरांच्या १६०० मीटरला आहेत, पोरींना ८०० मीटर, त्यामुळे पहाटे अंधारातच पळायला सुरुवात होते. ग्राउंड लांब असतं मग रस्त्याच्या कडेनेच पळतात, डांबर संपतं तिथे खड्डा असतो, पाऊल आत वळतं आणि सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतं. तिथे पुढच्या अंगाला एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा असतो, बहुतेक वेळा पहिलं हे लिगामेंटच ताणतं किंवा फाटतं. मग घरचे लचक काढणाऱ्याकडे नेतात आणि तो ताज्या दुखापतीवर तेल लावून जोरजोरात चोळतो, पाय ओढतो, त्याने सूज अजून वाढते. नाहीतर दवाखान्यात एक्सरे निघतो, फ्रॅक्चर नाही म्हणतात, क्रेप बँडेज बांधून आराम करायला सांगतात. सूज उतरली की पोरगं परत पळायला लागतं आणि थोड्याच दिवसात तोच पाय परत मुरगळतो.

हे नशिबाने होत नाही. लिगामेंट सांधा धरून ठेवतं तसंच पाऊल कुठल्या कोनात पडलंय हे मेंदूला कळवायचं कामही करतं. ते दुखावलं की ही जाणीव कमी होते, नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल सावरायला उशीर करतात, आणि नुसतं पडून राहिल्याने हे स्नायू अजूनच ढिले पडतात. आधी एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळायची शक्यता जास्त असते ती यामुळेच. सूज आणि दुखणं गेलं म्हणजे अर्धंच काम झालेलं असतं, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच सगळे थांबतात.

तपासणीबद्दल मुद्दाम लिहिते. प्रत्येक मुरगळलेल्या पायाला एक्सरे लागतोच असं नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम दिले ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटरमध्ये किंवा टोकावर दाबल्यावर दुखतंय का, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड वर आलेलं लागतं तिथे दुखतंय का, आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतंय का, आणि पाय मुरगळल्यावर लगेच व नंतर तपासताना चार पावलं टाकता येतात का. हाडावर दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील तर एक्सरे काढलाच पाहिजे. पोटरीच्या मधोमध दोन्ही हाडं दाबल्यावर खाली घोट्यापाशी कळ आली तर दुखापत वरच्या लिगामेंटची असू शकते, तिला बरं व्हायला जास्त वेळ लागतो, ती साध्या लचकेत धरू नये.

त्यानंतर दोन्ही पायांची तुलना करायची. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते बघायचं, दुखावलेल्या पायाचं अंतर कमी भरतं. एका पायावर टाच किती वेळा उचलता येते, डोळे मिटून एका पायावर किती वेळ उभं राहता येतं हेही बघायचं. याला मशीन लागत नाही, एक भिंत आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात!

उपचारही असेच साधे आहेत. पहिले काही दिवस बँडेजचा दाब, पाय उशीवर उंच, आणि झेपेल तितकं चालणं. मग रबर बँड लावून पाऊल बाहेर ढकलायचं, आधी दोन्ही आणि मग एका पायावर टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं, ते जमलं की उशीवर, मग उड्या, मग आठच्या आकड्यात पळणं, आणि दुखरा पाय चांगल्या पायाच्या बरोबरीला आला की मगच टायमिंग लावून धावायचं. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारानंतर घरच्या घरी आठ आठवडे तोल सांभाळायचे व्यायाम करणाऱ्यांचा पाय परत मुरगळायचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. तरीही कितीतरी ठिकाणी दहा दिवस मशीनचा शेक दिला की पेशंटला सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेकाने बरं वाटतं पण तोल परत येत नाही.

टाचदुखीचंही तेच. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवताना कळ येते, एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतं आणि बायका घाबरून जातात. अहो, असं वाढलेलं हाड अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी टाचांमध्येही असतं. दुखणं बहुतेकदा तळव्याच्या जाड पडद्याचं असतं, त्याला पोटरीचं आणि तळव्याचं स्ट्रेचिंग, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलायचा व्यायाम, आणि घरातल्या फरशीवरही मऊ चप्पल एवढं काही महिने नेटाने करावं लागतं.

शुगरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. पायाची जाणीव गेलेली असेल तर दुखत नाही म्हणून फ्रॅक्चर नाही असं धरता येत नाही, वरचे नियमही तिथे चालत नाहीत. पाय सुजून गरम लागला तर वजन न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, गरम पाण्याचा शेक अजिबात घेऊ नये.

भरतीच्या अकॅडम्यांना माझी विनंती आहे की वॉर्मअपमध्ये रोज पाच मिनिटं एका पायावरचे व्यायाम घ्या, आणि मुरगळलेल्या पोराला गोळी देऊन ग्राउंडवर उतरवू नका. आणि ज्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेत तिथे एक्सरे नॉर्मल आलेल्या पेशंटला नुसतं बँडेज बांधून घरी न पाठवता त्याच केसपेपरवर फिजिओकडे पाठवावं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, जि. सातारा